वंशावळीतील सहावी रेघ



आम्ही पेशाने प्राथमिक शिक्षक, इतिहाससंशोधक नव्हे. उभी हयात शाळेची दाखलखारीज रजिस्टरे भरण्यात गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या दप्तरांचा नाद लागला, इतकेच. आपल्याकडे पूर्वजांची आठवण बहुधा मुलाच्या जातपडताळणीच्या वेळी होते. प्रमाणपत्र हाती आले की खापरपणजोबा पुन्हा कपाटात जातात! ते असो.

नागपूरकडे वंशावळीची साधने कमी नाहीत. हा प्रदेश १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात असल्याने येथील कागदांची नावे पुण्याकडील कागदांहून काहीशी निराळी आहेत. जमिनीसाठी मिसल बंदोबस्त व मालगुजारी गेल्यानंतरचे अधिकार अभिलेख. जन्ममृत्यूसाठी कोतवाल पंजी. याखेरीज त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. मूळ गाव व आडनाव सांगितले की पूर्वी यात्रेस आलेल्या वाडवडिलांची नावे त्यांत सापडतात. जुनी पाने मोडीत असल्यास वाचणारा सोबती मात्र हवा.

या वह्यांवरून आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ जुळली. सारे पुरुषच. पणजीचे माहेर कोणते, हे कोठेच नाही.

पुढे वडिलांच्या जन्मतारखेसाठी तहसील कचेरीतून कोतवाल पंजीची नक्कल घेतली. तीत १९२६ सालच्या पानावर आमच्या आजोबांच्या नावापुढे एक नोंद निघाली : ‘मुलगी’. नाव नाही. मृत्यूच्या पानावर आठच दिवसांनी तीच नोंद पुन्हा, कारण, ताप. बारसे बाराव्या दिवशी व्हावयाचे, तेव्हा नाव कोठून असणार?

आमची आजी ‘माझी सहा लेकरे’ असे म्हणत असे. घरात काका धरून पाच भाऊ. आम्ही शाळेत नुकतीच बेरीज शिकलेलो. मोठ्या ऐटीत तिला दुरुस्त करीत असू, ‘आजी, सहा नव्हे, पाच!’ ती गप्प राही. म्हातारपणी विसरते, असेच सर्वांनी धरले होते. नक्कल हाती धरून आम्ही कचेरीच्या ओट्यावर बराच वेळ बसून होतो. तिची क्षमा मागावी, तर ती जाऊन फार वर्षे झाली.

आमच्या तक्त्यात पाच भावांच्या आधी आता सहावी रेघ ओढली आहे, आणि पंजीत आहे तेवढेच तिच्याखाली लिहिले आहे.

म्हणून विनंती अशी की, आपापल्या घरच्या वंशावळी करताना सुना, लेकी, अकाली गेलेली मुले यांची नावे आणि सुनांच्या माहेरची गावे अवश्य लिहावीत. ही माहिती घरातील वृद्ध स्त्रियांजवळ असते; ती येत्या दिवाळीच्या सुटीत विचारून घ्यावी. त्यांची बेरीज आपल्या बेरजेशी जुळली नाही, तरी त्या सांगतील तसेच टिपून ठेवावे. माळ्यावर मोडी कागद सापडल्यास रद्दीत देऊ नयेत. आम्हांस कळवावे, वाचणाऱ्यास घेऊन आम्ही येऊ.