वाडीवरची माहिती कुणाची?

(लांजा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर लोकांना वाटतं, हा आता पासवर्ड कसा ठेवावा ते सांगणार. ते चहाच्या वेळी विचारा, जरूर सांगेन. आज मला बोलायचं आहे ते आपण आदिवासी वाड्यांवर जाऊन जी माहिती गोळा करतो तिच्याबद्दल, आणि आदिवासी तरुणांनी मोबाइलवर उभ्या केलेल्या गटांमध्ये आपण कसं वागतो त्याबद्दल.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारच्या 'विशेष असुरक्षित' यादीत आहेत. त्यांपैकी कातकरी आपल्या कोकणातले. १५ नोव्हेंबर २०२३ ला 'पीएम-जनमन' योजना सुरू झाली आणि आधार, जातीचा दाखला, बँक खातं अशा कागदांसाठी वाड्यांवर शिबिरं होऊ लागली. वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर वर्षातले कितीतरी महिने बाहेर असणाऱ्या माणसाकडे कागद नसतात, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून स्वयंसेवक जातात आणि फॉर्म भरून देतात. काम चांगलंच आहे. माझा आक्षेप ते करण्याच्या पद्धतीला आहे.

पद्धत अशी असते. कार्यकर्ता आधार कार्डाचा, रेशनकार्डाचा आणि पासबुकाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. खाली लिहितो, 'कुणीतरी भरून द्या.' समजा ४० कुटुंबं आहेत, प्रत्येकाचे तीन कागद आणि ग्रुपवर ३० माणसं. ४० गुणिले ३ म्हणजे १२० फोटो आणि ते ३० फोनमध्ये, म्हणजे ३,६०० प्रती झाल्या. यांतल्या किती फोनचं गुगल फोटोजवर आपोआप बॅकअप होतं, ते धरलेलंच नाही. कुणाचा फोन दुरुस्तीला जातो, कुणी जुना विकतो, कुणाच्या फोनवर पोरं खेळत असतात. 'अहो, व्हॉट्सॲप तर एन्क्रिप्टेड आहे!' असं मला नेहमी ऐकवलं जातं. एन्क्रिप्शन वाटेतल्या चोरासाठी असतं. ग्रुपमध्ये बसलेल्या ३० जणांना तो फोटो उघडाच दिसतो. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवसांनंतर चालत नाही, आणि चाललं तरी गॅलरीत उतरलेली प्रत तिथेच राहू शकते.

आधार कायदा २०१६ चा आहे. त्याचं कलम २९ सांगतं की आधार क्रमांक, त्यासोबतची माहिती आणि फोटो जाहीरपणे प्रसिद्ध करायचे किंवा लावायचे नाहीत. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' वापरा. तीही सोय सरकारनेच दिलेली आहे.

पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. तुमच्या आईचं पासबुक तुम्ही ३० जणांच्या ग्रुपवर टाकाल का? नाही टाकणार. मग वाडीवरच्या मावशीचं का टाकतो? कारण ती नाही म्हणणार नाही. घरकुलाचा फॉर्म भरून देणाऱ्या माणसाला ती 'फोटो काढू नका' असं कशी म्हणेल? ज्याला नकार देणं परवडत नाही, त्याचा होकार किती खरा मानायचा?

आता एक आपल्या घरातलं उदाहरण. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' ही ॲप्स उघडकीला आली. मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा खोटा लिलाव मांडला होता. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, शंभराच्या आसपास स्त्रिया होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्या प्रकरणात अटका केल्या. दोन्ही ॲप्स गिटहबवर ठेवलेली होती. आम्ही इंजिनिअर रोज कोड ठेवायला वापरतो तीच ही जागा, म्हणून मला ते जास्त लागलं. फोटो कुठून आले होते? बहुतेक त्या स्त्रियांनीच आपापल्या खात्यांवर टाकलेले होते. तेव्हा काही लोक म्हणाले, 'फोटो टाकलेच कशाला?' आणि आपण सगळे चिडलो होतो. मैत्रिणींना दाखवायला टाकलेला फोटो कुणीही कशालाही वापरावा, असा त्याचा अर्थ होत नाही, हे आपण तेव्हा लोकांना घसा फोडून सांगत होतो.

तेच आता उलट्या बाजूने पाहा. पाड्यावर लग्न आहे, तारपा वाजतोय, बायका हातात हात घालून नाचतायत. आपण रील काढतो, वर गाणं चढवतो आणि टाकून देतो. 'निसर्गाची लेकरं' असं काहीतरी खाली लिहितो. त्या बाईला विचारलेलं नसतं. खाली कुणी काय काय लिहिलं, ते ती वाचत नाही; तिचा मुलगा मात्र तालुक्याच्या कॉलेजात वाचतो. निसर्गाच्या त्या लेकराला बारावीला किती टक्के पडले हे विचारणारी रील मी अजून पाहिलेली नाही, हे जाता जाता.

कायदा इथे किती धावून येतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, हे तत्त्व त्यात आहे आणि ते चांगलं आहे. पण इंजिनिअरच्या सवयीने मी त्यातली भोकं शोधत बसतो, आणि तीन मोठी दिसतात. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीलाही नाही; म्हणजे 'फोटो टाकलेच कशाला' म्हणणाऱ्यांच्या हातात कायद्यानेच काठी दिली. तिसरं भोक भाषेचं. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत वाचायची सोय द्यायला हवी, असं तो म्हणतो. त्या २२ मध्ये संथाली आहे, बोडो आहे. गोंडी नाही, भिली नाही, वारली नाही, कातकरीही नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटीहून जास्त आदिवासी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला आपल्या बोलीत संमतीचा कागद मिळायला हवा, असं हा कायदा म्हणत नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. हा कायदा एकेकट्या माणसाला ओळखतो, समाजाला ओळखत नाही. कुठल्या झाडाची साल कशावर चालते, कुलदेवतेची जागा कुठे आहे, लग्नातलं गाणं कुणी म्हणायचं, ही माहिती एकट्याची नसतेच. त्याबाबतीत २००६ चा वनहक्क कायदा पुढे आहे. जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क असतो, असं त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलं आहे.

समूहाची माहिती हातातून गेली की काय होतं, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोनात ग्रँड कॅनियनच्या दरीत हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्ताचे नमुने घेतले. लोकांनी मधुमेहाचं औषध सापडेल म्हणून रक्त दिलं. पुढे तेच नमुने मानसिक आजारांच्या अभ्यासाला वापरले गेले, आपसातल्या लग्नांच्या अभ्यासाला वापरले गेले, आणि ही माणसं मुळात कुठून आली या अभ्यासालाही. ते या दरीतलेच, असं त्यांची परंपरा सांगते; त्यांच्याच रक्तातून कुणीतरी वेगळी कहाणी काढत होतं. २००३ मध्ये हे जमातीला कळलं. त्यांनी दावा लावला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले. नमुनेही परत मिळाले, आणि माणसं ते घ्यायला स्वतः गेली.

आता गटांकडे येतो. आदिवासी तरुण इंटरनेटवर नवे नाहीत. डहाणू भागातली 'आयुष', म्हणजे आदिवासी युवा शक्ती, ही शिकल्या-सवरलेल्या आदिवासी तरुणांनी इंटरनेटचा हात धरून उभी केलेली चळवळ आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच तरुणांच्या संस्थेच्या प्रयत्नाने. तोवर वारली चित्रं चादरीवर, कपावर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे होती. ती काढणारा समाज तेवढा कुठे नव्हता.

अशा गटात आपल्याला कुणी घेतलं तर आपण पाहुणे असतो. जमातीच्या बैठकीत बाहेरचा माणूस आला, तर त्याने पहिल्या पाच मिनिटांत सल्ला द्यावा असं आपल्याला वाटतं का? महिनाभर नुसतं वाचा. तिथे बोगस दाखल्यांवर भांडण चाललं असेल, तर ते त्यांचं घरचं भांडण आहे. त्याचा स्क्रीनशॉट मोहल्ल्याच्या ग्रुपवर आणायचा नाही. सभासदांचे नंबर उचलून त्यांना आपल्या कार्यक्रमाची आमंत्रणं पाठवायची नाहीत. यात वाईट हेतू नसतो, तरी त्या मुलीचा नंबर आता तिने न निवडलेल्या दोनशे माणसांकडे गेलेला असतो. आणि शिकवायची फार हौस असेल तर आधी विचारा, तुम्हाला काय हवंय? उत्तर 'काही नको' असंही येऊ शकतं.

भाषेच्या बाबतीत हा प्रश्न आता फार तातडीचा झालाय, कारण मशीनला बोलायला शिकवायचं तर आवाज लागतात. न्यूझीलंडमध्ये ते हिकू मीडिया हे माओरींचं रेडिओ केंद्र आहे. २०१८ मध्ये त्यांनी दहा दिवसांत ३०० तासांहून जास्त माओरी भाषण लोकांकडून रेकॉर्ड करून घेतलं. मोठ्या कंपन्या मागायला आल्या, तेव्हा त्यांनी दिलं नाही. स्वतःच्या भाषेचं तंत्रज्ञान स्वतःच बनवलं आणि त्या आवाजांसाठी स्वतःचा परवाना लिहिला. आम्ही मालक नाही, राखणदार आहोत असा त्याचा भाव आहे. आपल्याकडे त्यासाठी 'अमानत' शब्द आहे. मराठीतलं 'अनामत' तोच, बँकेत ठेवतो ती. आपल्या सरकारनेही २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप काढलं आणि त्यात भिली आणि गोंडी आहेत. चांगली गोष्ट आहे. आवाज कुणाचे, त्यांना काय सांगितलं, ते परत मागता येतात का, हे प्रश्न तरी विचारायलाच हवेत.

काही जण म्हणतील, एवढं काय, नावांची यादी तर आहे. यादीचं भटक्या-विमुक्तांना विचारा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नोंद झाली, पुढे बोटांचे ठसेही घेतले गेले. पारधी जन्मतःच त्या यादीत जायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं. कायदा गेल्यावर बहात्तर वर्षं तो रकाना टिकला! कोरा रकाना कुणीतरी कधीतरी भरतोच, हे डेटाबेस बनवणारा कुणीही तुम्हाला सांगेल.

म्हणून पुढच्या शिबिरापासून माझी विनंती आहे की कागदांचे फोटो ग्रुपवर नकोत. फॉर्म जागेवरच, त्या माणसाच्या समोर भरा. फोटो लागलाच तर तो एकाच्याच फोनमध्ये राहील आणि फॉर्म जमा झाला की त्याच माणसाला दाखवून पुसायचा. त्याच्या ओटीपीला हात लावायचा नाही. आणि रील काढायची असेल तर काढण्याआधी विचारा, टाकण्याआधी परत विचारा, कारण नाचताना दिलेला होकार आणि सकाळी शुद्धीवर दिलेला होकार यांत फरक असू शकतो.

जुन्या ग्रुपमधले फोटो अजून पडून आहेत. ॲडमिन कोण कोण आहे ते मला माहीत आहे, सगळे इथेच बसले आहेत. चहा झाल्यावर थांबा, फोन घेऊन एकत्र बसू आणि गॅलरी, बॅकअप दोन्ही साफ करू. तासभर लागेल.