रहीमसाहेब आणि त्यांचे चिरंजीव

हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. तरुणपणी फुटबॉल खेळले, पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९६० साली रोम ऑलिंपिकच्या संघात त्यांचे चिरंजीव हकीमही होते. पण त्यांना एकही सामना खेळावयास मिळाला नाही. संघ बापाच्या हाती, आणि पोरगा बाहेर बसलेला! आपल्याकडे भजनीमंडळाच्या यादीतसुद्धा पोराचे नाव आधी लागते.

१९६२ मध्ये जाकार्ताला रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले. देहाला तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. हकीम पुढे वायुदलात अधिकारी व फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच झाले. २०२१ मध्ये तेही वारले. बाहेर बसविणाऱ्या त्या बापाविषयी उतारवयातही ते अभिमानानेच बोलत.