वाऱ्याविरुद्ध वाहणारा समुद्र



समुद्रकांठीं राहणाऱ्या मनुष्याला समुद्राच्या दोन हालचाली लहानपणापासून ठाऊक असतात. एक लाटांची व दुसरी भरती-ओहोटीची. याखेरीज तिसरी एक हालचाल आहे. ती मात्र किनाऱ्यावर उभें राहून सहसा दिसत नाहीं. तींत सारें पाणीच एखाद्या नदीप्रमाणें एका दिशेला सरकत असतें. तिला प्रवाह म्हणतात. आज मुख्यतः आपल्या अरबी समुद्राच्या प्रवाहाविषयीं बोलावयाचें आहे. परंतु भरतीची गोष्ट आधीं सांगितल्यावांचून प्रवाहाचें नवल ध्यानांत यावयाचें नाहीं.

भरती-ओहोटीचें कारण आकाशांत आहे. चंद्र व सूर्य यांच्या ओढीनें महासागराचें पाणी हलतें, आणि आपल्या किनाऱ्यावर सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतरानें भरतीमागून भरती येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हें कोळ्याच्या पोराला कोणी शिकवावें लागत नाहीं. चंद्र-सूर्यांच्या गति पंचांगांत मांडतां येतात, म्हणून भरतीहि मांडतां येते. मुंबईच्या अपोलो बंदरावर सन १८७८ मध्यें पाण्याच्या पातळीची नोंद सुरू झाली. पुढच्याच वर्षीं, १८७९ सालीं, हिंदुस्थानांतील बंदरांचीं भरतीचीं कोष्टकें तयार करण्यासाठीं लंडनमध्यें एक यंत्र बनविण्यांत आलें. त्यांत चाकें व कप्प्या होत्या. चंद्र-सूर्यांच्या प्रत्येक लहानमोठ्या गतीसाठीं एक चाक. दांडा फिरविला कीं लेखणी कागदावर त्या बंदराच्या पुढील वर्षाच्या सर्व भरत्या काढून दाखवी. हल्लीं तें काम संगणक करितो, पण गणित मुळांत तेंच आहे.

चंद्र सर्वांना एकच असला तरी भरती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाहीं. कोचीनला पाण्याचा चढउतार जेमतेम एक मीटर, गोव्यास दोनेक मीटर, मुंबईस उधाणाला चार मीटरांहून अधिक, आणि खंबायतच्या आखातांत भावनगरला दहा मीटरांच्याहि वर, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतका! किनाऱ्यालगत समुद्राखालीं जमिनीची एक उथळ पायरी असते. केरळाजवळ ती अरुंद आहे. मुंबईच्या उत्तरेस ती शेंकडों किलोमीटर रुंद होते. अशा रुंद उथळ पायरीवर शिरलेली भरतीची लाट फुगते, आणि पुढें खंबायतच्या नरसाळ्यांत सांपडून आणखी वर चढते. पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तांत भडोचच्या नदीमुखांतील या भरतीचें वर्णन करून ठेविलें आहे. नवख्या जहाजांची तेथें कशी दाणादाण उडते, हें वाचतांना दोन हजार वर्षें मध्यें गेलीं आहेत असें वाटत नाहीं.

येथपर्यंत सारें हिशेबांत बसतें. प्रवाहाकडे वळलों कीं हा हिशेब अपुरा पडतो.

शाळेच्या भूगोलांत एक सोपा नियम असतो: वारा ज्या दिशेला लोटील त्या दिशेला पाणी जातें. पावसाळ्यांत हा नियम आपल्याकडे ठीक लागू पडतो. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, म्हणजे रत्नागिरीकडून कारवारकडे जातो, आणि किनाऱ्याला लागून वाहणाऱ्या वाऱ्याचा जोरहि त्याच बाजूला असतो. पण मार्गशीर्ष-पौषांत पाहावें. वारा उत्तरेकडून येत असतो. नियमानें पाणी दक्षिणेस जावयास पाहिजे. तें जातें उत्तरेस! आगबोटींचे कप्तान आपली बोट ठरल्या मार्गापासून किती ढळली याची नोंद ठेवीत, त्या नोंदींवरून ही गोष्ट पूर्वींच लक्षांत आली होती. परंतु ढळलेल्या बोटींवरून काढलेलें अनुमान आणि प्रत्यक्ष मोजलेलें पाणी यांत अंतर असतेंच.

तें मोजण्याचें काम गोव्यांतील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें केलें. अनेक राष्ट्रांनीं मिळून काढलेल्या हिंदी महासागराच्या मोहिमेनंतर १९६६ सालीं ही संस्था स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनीं १९८७ च्या डिसेंबरांत व १९८८ च्या जानेवारींत पश्चिम किनाऱ्यालगत ठिकठिकाणीं जहाज थांबवून, वरपासून खोलवर पाण्याची उष्णता आणि खारटपणा मोजला. डॉ. सतीश शेट्ये व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह खरोखरच वाऱ्याच्या विरुद्ध, उत्तरेस जात होता.

या पाण्याची एक खूण फार बोलकी आहे. अरबी समुद्र खारट, कारण त्याची वाफ पुष्कळ होते व त्याला मिळणाऱ्या नद्या थोड्या. उलट बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा व इरावती आपलें गोडें पाणी ओततात. हिंवाळ्यांत आपल्या किनाऱ्यानें वर चढणारें पाणी हें तुलनेनें कमी खारट असतें. पाण्यानेंच आपलें माहेर सांगितलें म्हणावयाचें!

पण वाऱ्याला न जुमानतां त्याला इकडे लोटतें कोण? याचें कारण आपल्या किनाऱ्यासमोर शोधून सांपडत नाहीं. तें बऱ्याच अंशीं बंगालच्या उपसागरांत आहे. तिकडच्या वाऱ्यांनीं पाणी हललें कीं किनाऱ्याला धरून एक अतिशय लांब लाट निघते. डोळ्यांना ती दिसत नाहीं. पृष्ठभागावर तिची उंची कांहीं बोटांचीच, मात्र पोटांतील थंड-उष्ण पाण्याचे थर ती कित्येक मीटर खालींवर करिते. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धांत अशी लाट किनारा नेहमीं उजव्या हाताला ठेवून चालते. म्हणून ती आंध्र व मद्रासच्या किनाऱ्यानें दक्षिणेस उतरते, सिंहलद्वीपाच्या टोकापाशीं वळते, आणि केरळापासून कोंकणाकडे वर चढते. तिच्या योगानें दक्षिणेकडील पाण्याची पातळी उत्तरेपेक्षां किंचित् उंच राहते, आणि हा उतार हिंवाळ्यांतील मंद वाऱ्यावर मात करितो.

वाटेंत या लाटेचा कांहीं अंश किनारा सोडून पश्चिमेकडे पसरतो. त्यामुळें लक्षद्वीपाजवळ हिंवाळ्यांत शेंकडों किलोमीटर रुंदीचा एक भोंवरा तयार होतो. भोंवरा म्हटल्यावर नदींतील डोहासारखें गरगरणारें पाणी मनांत आणूं नये. येथें मध्यभागीं समुद्र थोडा फुगलेला असतो व त्याच्या सभोंवार पाणी घड्याळाच्या कांट्याप्रमाणें सावकाश फिरतें. पावसाळ्यांत त्याच जागीं फुगवट्याऐवजीं खळगा पडतो आणि पाणी उलट फिरूं लागतें. होडींतून जाणाऱ्यास याचा पत्ताहि लागत नाहीं. उपग्रहांनीं आकाशांतून समुद्राची उंची मोजल्यावर हें चित्र स्पष्ट झालें.

पावसाळी प्रवाहाची एक बाजू कोळ्यांच्या पोटाशीं संबंध ठेवणारी आहे. पाणी दक्षिणेस जात असतां खोल समुद्रांतील थंड पाणी उथळ पायरीवर चढून येतें. त्यांत माशांच्या खाद्याला पोसणारीं द्रव्यें भरपूर, पण प्राणवायु अत्यल्प. त्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचें झांकण बसतें आणि खालच्या थराला हवा मिळेनाशी होते. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यासमोर तळाच्या पाण्यांतील प्राणवायु संपून तेथें गंधकाचा विषारी वायु आढळला. असें पाणी आलें कीं मासळीला तेथें राहणें शक्य नसतें.

यानंतर संशोधकांनीं आणखी एक पाऊल टाकलें. जहाज एके ठिकाणीं किती दिवस उभें करणार? म्हणून कन्याकुमारी, कोल्लम, गोवा आणि मुंबई यांच्यासमोर समुद्रांत उपकरणें नांगरून ठेविलीं. तीं पाण्यांत ध्वनि सोडतात. पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म कणांवरून तो परत येतो, आणि आगगाडीच्या शिटीचा स्वर ती जवळ येतांना वा दूर जातांना जसा बदलतो, तसा या ध्वनीचाहि बदलतो. त्यावरून प्रवाहाचा वेग कळतो. २००८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदींनीं नकाशावरचा सरळ बाण पुष्कळ वांकविला. ऋतुमानाप्रमाणें दिशा बदलणें खरें, पण एक वर्ष दुसऱ्यासारखें नसतें. हिंवाळ्यांत तर कांहीं आठवड्यांच्या मुदतीचे चढउतार साऱ्या किनाऱ्यावर आढळतात, आणि एका ठिकाणचा प्रवाह दुसऱ्या ठिकाणच्या प्रवाहाशीं जुळतोच असें नाहीं. भरतीचें कोष्टक वर्षभर आधीं छापतां येतें. प्रवाहाचें तसें छापतां येत नाहीं.

डिसेंबर महिन्यांत एखाद्या मचव्याचें यंत्र बंद पडलें, तर त्याला शोधावयाचें कोणत्या बाजूला? मचव्याचा जितका भाग पाण्यावर उंच, तितका तो वाऱ्याच्या अधीन. पाण्यांत पडलेला मनुष्य मात्र बव्हंशीं प्रवाहाचा. वारा दक्षिणेस नेतो, प्रवाह उत्तरेस. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळांत केरळ व तमिळनाडूकडील किती तरी कोळी समुद्रांत सांपडले. कांहीं होड्या देवगडला आश्रयास आल्या, कित्येक माणसें परतलीं नाहींत. हैदराबाद येथील महासागर माहिती सेवा केंद्र आतां अशा प्रसंगीं मनुष्य वा होडी शेवटीं कोठें व केव्हां दिसली हें विचारून, त्या दिवसाचा वारा व प्रवाह यांच्या गणितानें शोधाचें क्षेत्र नकाशावर आंखून देतें. तें क्षेत्र लहान असणें किती महत्त्वाचें, हें साध्या त्रैराशिकानें कळेल: सेकंदाला अवघें वीतभर सरकणारें पाणी एका दिवसांत सुमारें २० किलोमीटर जातें.