'रीडिस्ट्रिब्यूट' या शब्दाचा अर्थ व उपयोग
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



सन २००० पासून आपल्या राज्यात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणून आज एकाच इंग्रजी शब्दाचा विचार आपणांपुढे मांडावा, असे योजिले आहे.

हाच शब्द निवडण्यास कारण आहे. मी नोकरीत नवा असताना शाळेत एक इंग्रजी पत्र आले. जादा पाठ्यपुस्तके 'रीडिस्ट्रिब्यूट' करावीत, असा त्यात आदेश होता. 'री' म्हणजे पुन्हा व 'डिस्ट्रिब्यूट' म्हणजे वाटणे, असा अर्थ मी केला. कोश उघडला नाही. उरलेली पुस्तके माझ्याच वर्गात दुसऱ्यांदा वाटून मोकळा झालो. ती वस्तुतः पलीकडच्या वस्तीवरील शाळेकरिता होती. तेथील मुले दिवाळीपर्यंत तिघांत एक पुस्तक घेऊन बसली. दोष सर्वस्वी माझाच होता.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ नेमून देणे असा आहे. त्यास 'डिस' म्हणजे निरनिराळे हा उपसर्ग लागून 'डिस्ट्रिब्यूट' झाला. 'काँट्रिब्यूट' म्हणजे वर्गणी देणे, हाही त्याच कुळातला. परंतु 'री' लागताच अर्थास एक अट येते. वस्तू आधी कोठेतरी वाटलेली वा साठलेली असली पाहिजे आणि आता ती एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे द्यावयाची असते. नवा माल येत नाही. आहे त्याचीच मांडणी बदलते. म्हणून मला 'पुनर्वाटप' यापेक्षा 'फेरवाटप' हा आपला शब्द अधिक नेमका वाटतो. पहिल्याने माझ्यासारख्याची फसगत होते!

आपल्या राज्यात १९६१ साली जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. मर्यादेवरील जमीन काढून घेऊन ती भूमिहीनांस देण्याची तरतूद त्यात आहे. अशा व्यवहारास इंग्रजीत हाच शब्द लावितात. मात्र घेणारा व देणारा माणूसच असला पाहिजे, असे नाही. बैलगाडी उलाळ झाली की गाडीवान मागची पोती पुढे सरकवितो. इंग्रज त्यालाही भार 'रीडिस्ट्रिब्यूट' करणे म्हणेल. शिक्षकांच्या समायोजनास मात्र बहुधा 'रीडिप्लॉय' हा शब्द योजितात. त्या विषयावर आज बोलत नाही. आपण सर्व तो पुरेसा जाणता.

वाक्यात ज्यांना द्यावयाचे त्यांच्यापूर्वी 'टू' किंवा 'अमंग' येते, जेथून काढावयाचे त्यापूर्वी 'फ्रॉम'. उच्चारात 'री' दीर्घ ठेवावा व मुख्य आघात 'स्ट्रि'वर द्यावा.

वर्गात शिकविताना बारा चिंचोके घ्यावेत. तीन मुलांना सात, तीन व दोन असे द्यावेत, हे 'डिस्ट्रिब्यूट'. मग पहिल्याकडून तीन काढून एक दुसऱ्यास व दोन तिसऱ्यास द्यावेत. प्रत्येकाकडे चार होतील. चिंचोके मुलांकडूनच मोजवून घ्यावेत, बाराच भरतील. पहिला मुलगा थोडा कुरकुरेल. त्याला कुरकुरू द्यावे आणि त्याच क्षणी 'री' हे अक्षर फळ्यावर लिहावे.