घर विकलं, कर्ज उरलं

अमेरिकेत २००८च्या सुमारास घरांचे भाव कोसळले आणि लाखो कुटुंबांचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं झालं. अशा वेळी बँकेच्या संमतीने पडत्या भावात घर विकतात, त्याला तिथे शॉर्ट सेल म्हणतात. समजा, कर्ज तीन लाख डॉलरचं आणि घर गेलं अडीच लाखाला. मग उरलेल्या पन्नास हजारांचं काय?

इथेच घात होतो. बँकेने विक्रीला होकार दिला, घरावरचा बोजा उतरवला, म्हणजे कर्ज माफ झालं असं नव्हे. कॅलिफोर्नियात २०११च्या कायद्यामुळे राहत्या घराच्या अशा विक्रीनंतर बाकी वसूल करायला सहसा मनाई आहे. फ्लोरिडात मात्र बँक कोर्टात जाऊ शकते. म्हणून संमतिपत्र अक्षर न् अक्षर वाचावं. बाकी माफ केल्याचं त्यात स्वच्छ लिहिलेलं नसेल, तर सहीआधी वकील गाठावा. तोंडी आश्वासनावर मुळीच विसंबू नये! त्याच घरावर दुसरं कर्ज असेल, तर त्या बँकेकडूनही वेगळं पत्र घ्यावं.

माफीनंतर कराचा प्रश्न येतो. माफ झालेली रक्कम तिथे साधारणपणे उत्पन्न धरतात; तशी नोंद १०९९-सी या फॉर्मवर येते. मात्र माफीच्या वेळी एकूण देणी मालमत्तेहून जास्त असतील, तर फरकाइतकी सूट ९८२ क्रमांकाचा फॉर्म भरून मागता येते. तुमची मुलं तिकडे अशा अडचणीत असतील, तर त्यांना हे आजच सांगा.