यादी कोणाच्या हातात?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षताईंनी मला सांगितलं, मुलींच्या खेळावर बोला. मी शाळेत खेळ शिकवत होते, म्हणून बोलावलं असणार. तर मी आज बास्केटबॉलवर बोलणार आहे. हसू नका! कबड्डी, खो-खो आपल्या घरचे, हा खेळ जरा लांबचा. पण गोष्ट ऐकलीत की लांबची वाटणार नाही.

खेळ सोपा आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच जणी, दहा फुटांवर लोखंडी रिंग, चेंडू हाताने आपटत न्यायचा आणि रिंगेतून टाकायचा. एकोणीस वर्षांच्या आतल्या मुलींची याची जागतिक स्पर्धा असते. १९८५ साली अमेरिकेत पहिली झाली, आता दर दोन वर्षांनी होते. जगभरातले निवडक सोळा संघ, एकेका संघात बाराजणी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ही स्पर्धा हंगेरी देशात, डेब्रेत्सेन नावाच्या शहरात झाली. अमेरिकेच्या मुलींनी अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला ७०-५२ असं हरवलं. तिसरी हंगेरी. आणि चौथा आला माली.

माली म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला देश. उत्तरेला नुसतं वाळवंट, समुद्र कुठेच नाही. दक्षिणेकडे कापूस, बाजरी, ज्वारी, भुईमूग. म्हणजे बघा, आपलंच शेत. तिथल्या बायकाही आपल्या भिशीसारखी भिशी लावतात, तिला तोंतीन म्हणतात. २०१२ पासून देशात लढाया चालू, आणि त्या स्पर्धेच्या आधीच्या एका वर्षात लष्कराने दोनदा सरकार उलथवलेलं. अशा देशातल्या मुली जगात चौथ्या आल्या. त्यांच्यातल्या सिका कोनेला स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत घेतलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला लीगच्या निवडीत तिचं नाव आलं.

एवढंच सांगून थांबले असते तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. वाजवायलाच पाहिजेत. पण याच स्पर्धेच्या दोन महिने आधी, जून २०२१ मध्ये, दुसरी बातमी आली होती. ती सांगायलाच मी उभी आहे.

ह्यूमन राइट्स वॉच ही मानवी हक्कांवर काम करणारी संस्था आणि अमेरिकेतलं न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र, दोघांनीही मालीतल्या खेळाडू मुलींची तक्रार जगासमोर मांडली. मुलींच्या राष्ट्रीय युवा संघाचा प्रमुख प्रशिक्षकच मुलींचं लैंगिक शोषण करतो, असा आरोप होता. जी नाही म्हणेल तिला सामन्यात उतरवायचं नाही, तिचे पैसे अडवायचे. वरच्यांना माहीत होतं, कोणी काही केलं नाही, असंही मुलींचं म्हणणं. जागतिक बास्केटबॉल महासंघाने त्या प्रशिक्षकाला निलंबित केलं, मालीत त्याला अटक झाली. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष स्वतः मालीचे आणि पूर्वी तिथल्याच संघटनेचे प्रमुख. आपल्याला काही माहीत होतं हे त्यांनी नाकारलं, चौकशीपुरते पदावरून बाजूला झाले आणि नंतर परत आले. चौकशी कॅनडाचे कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅकलॅरेन यांनी केली. सप्टेंबरमध्ये त्यांचा अहवाल आला. अशी वागणूक तिथल्या संघटनेत चालवूनच घेतली जात होती, असा त्याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, मग मुली आधी का बोलल्या नाहीत?

हा प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो, आणि दरवेळी राग येतो. तुम्हीच सांगा, बोलायचं कोणाकडे? निवडीची यादी त्या माणसाच्या हातात. पासपोर्ट, प्रवास, भत्ता त्याच माणसाच्या किंवा त्याच्या वरच्या माणसाच्या हातात. घरी सांगावं तर घरचे म्हणणार, बंद कर खेळ. म्हणजे बोललं तरी खेळ बंद, नाही बोललं तर ते सोसायचं. गरीब घरच्या मुलीला खेळ हीच घराबाहेर पडायची वाट असते, आणि त्या वाटेवरचं फाटक एकाच माणसाकडे असतं. आपल्या गटात आपण कर्जाचा निर्णय एकीच्या हातात ठेवतो का? नाही ठेवत. ठराव सगळ्यांसमोर, सही तिघींची. अध्यक्ष कितीही चांगली असली तरी. अविश्वास म्हणून नव्हे, रीतच तशी घातलेली आहे. मग मुलींच्या खेळात ती रीत का नको?

आपल्याकडे असं काही नाही म्हणू नका. २०२३ च्या जानेवारीत आपल्या देशाच्या महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसल्या होत्या. ऑलिंपिकचं पदक मिळवलेल्या मुलीला रस्त्यावर बसावं लागलं, तर तालुक्याच्या मैदानावरच्या मुलीचं काय?

आणि आपल्या मुली आता खेळतात हो! जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांना जातात. काही क्रीडा प्रबोधिनीत राहतात. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून तर यादीला भाव आहे, आणि यादीवाल्यालाही. बहुतेक क्रीडाशिक्षक मनापासून, कधी पदरमोड करून शिकवतात, हे मी त्यांच्यात राहून सांगते. चांगल्या शिक्षकाला तुमच्या प्रश्नांचा त्रास होत नाही. ज्याला होतो, त्याच्याकडे जरा नीट बघा.

संमतीपत्रावर सही मागायला मुलगी येते तेव्हा आपण काय करतो? चुलीपुढे बसल्या बसल्या सही करतो. तसं करू नका. सोबत बाई शिक्षिका आहे का, रात्री मुक्काम कुठे, मुलींची खोली कोणाच्या शेजारी, निवड कोण कोण मिळून करतात, एवढं विचारा. एकट्या आईला विचारायचा संकोच वाटतो, तर गटातल्या दोघीतिघी मिळून शाळेत जा. मुलीचा फोन काढून घेत असतील तर रोज ठरलेल्या वेळी घरी बोलायला मिळेल का, तेही विचारा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की काही झालं तरी तुझा खेळ आम्ही बंद करणार नाही. हे सांगणं मला सगळ्यांत मोठं वाटतं, कारण मुलगी गप्प बसते ती पुष्कळदा याच भीतीने.

कायदा थोडक्यात सांगते. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा. मुलग्यांनाही तोच लागू आहे. गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे "शाळेची बदनामी होईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा स्वतःच अडकतो. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव छापता येत नाही. अठराच्या वरच्या मुलीसाठी, पोलीस तक्रार आहेच, शिवाय २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे. त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण हे सगळं कामाचं ठिकाण धरलेलं आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करायची, तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. मुलांसाठी फोन १०९८, रात्री-अपरात्रीही चालतो. तातडीचं असेल तर ११२.

हे दोन नंबर ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहून ठेवा, आणि शाळा सुटताना मुलींना दिसेल अशा भिंतीवरही. येत्या मासिक बैठकीत संमतीपत्राचा विषय घ्या. इतिवृत्तात ठराव लिहा की गावातल्या मुली बाहेर खेळायला जाताना गटातली एक आई सोबत जाईल. तिच्या प्रवासाचा खर्च कसा उचलायचा ते तुम्ही ठरवा, दोनशे-चारशे रुपयांचा प्रश्न आहे.

माझं झालं. मी जेवणापर्यंत इथेच आहे. काही विचारायचं असेल तर विचारा, आणि चारचौघींत नको वाटलं तर मागच्या पडवीत या.