हाय, व्याधी आणि दोष

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



मी अनेक वर्षे वैद्यकीचा व्यवसाय केला. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते औषधांविषयी नव्हे. एखादा मनुष्य अकस्मात गेला की आपण म्हणतो, "त्याने हाय खाल्ली." या म्हणण्यात तथ्य किती आणि अन्याय किती, हे आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

तथ्य निश्चित आहे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका विलक्षण हृद्रोगाचे वर्णन केले. आप्ताचा मृत्यू किंवा तसाच तीव्र आघात झाल्यावर रोग्याच्या छातीत कळ येते. हृदयविकाराचा झटकाच आला असे वाटते. परंतु हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली आढळत नाही. डावा कप्पा मात्र फुगून दुबळा झालेला असतो. जपानी कोळी ज्या मडक्यात अष्टपाद पकडतात, त्याच्यासारखा तो दिसतो. म्हणून या व्याधीस त्या मडक्याचेच 'ताकोत्सुबो' हे नाव पडले. उतारवयातील स्त्रियांत ती अधिक आढळते व बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. तेव्हा हाय खाणे हा निव्वळ वाक्प्रचार नव्हे.

परंतु एका व्याधीचे सत्य सर्व व्याधींना लावणे घातक होय. क्षय हा हळव्या, झुरणाऱ्या माणसांचा रोग, असे युरोपात पुष्कळजण मानीत. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखवून दिला. जठरातील व्रण हे चिंतेचे फळ, असे डॉक्टरही सांगत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली एका जंतूचे मिश्रण स्वतः प्राशन करून जठराचा दाह ओढवून घेतला. बहुतेक व्रणांचे मूळ त्या जंतूत आहे, हे पुढे सिद्ध झाले व त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाचे काय? स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांची अमेरिकेतील पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. दर आठवड्यास एकत्र जमून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असे तीत दिसले. पुढे २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला; २००१ साली त्याचा निष्कर्ष आला, की आयुष्य वाढत नाही. मनस्ताप आणि वेदना मात्र उणावतात. हा लाभ लहान नव्हे.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या वहिनींना हाच रोग झाला. समाचारास येणारी मंडळी म्हणत, "सारे मनाला लावून घेतात, त्याचेच हे फळ." तीन वर्षांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा वारला होता. एके रात्री त्यांनी मला विचारले, "भाऊजी, मी इतकी रडले नसते, तर हे झाले नसते का हो?" मातेने पुत्रासाठी रडावे आणि त्या रडण्याचाच तिला अपराध वाटावा! मी "नाही" म्हणालो. परंतु पाहुण्यांपुढे तेच बोलावयास हवे होते, तेथे मी गप्प बसलो होतो. त्याची खंत मला आजही आहे.

आणखी एक गोष्ट मागाहून कळली. घरात डॉक्टर असूनही वहिनींनी ती गाठ आठ महिने लपविली होती. दिराजवळ असले बोलावे कसे, ही लाज. आणि गाठीचे नाव काय निघेल, ही भीती. त्यांचा रोग शोकाने आणला नव्हता. उपचारास विलंब मात्र लाजेने आणि भीतीने केला. आमच्या घरात भावनेने घात केला तो असा.

म्हणून माझी विनंती थोडकी आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून रोगाचे कारण त्याच्या स्वभावात शोधू नका. "धीर धरा" असे सांगण्यापूर्वी त्याचे भय ऐकून घ्या. इस्पितळात सोबत जा. उपचार चालू असता कोणी आठवडेच्या आठवडे खिन्न राहिला, तर त्या खिन्नतेवरही उपचार करवा. आणि ज्या गोष्टी घरातील स्त्रियांना लाजेने बोलता येत नाहीत, त्या निःसंकोच बोलता येतील असे वातावरण ठेवा.

रोग्याला दुःख असतेच. त्यावर दोषाचा भार आपण घालू नये, एवढेच सांगून आपली रजा घेतो.